निफाडच्या थंडीत रूळ का मोडतो? तड्याचं गणित कॉम्प्युटरवर कसं सोडवतात

मोबाईलच्या स्क्रीनला कोपऱ्यात बारीक तडा गेला की आपण काय करतो? काहीच नाही. 'चालतंय ना, चालू दे.' महिनाभर तो तडा तिथेच पडून असतो. मग एक दिवस फोन मागच्या खिशात ठेवून बसतो आणि उठून बघतो तर तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. फोन दुसऱ्यांदा पडलेलाही नसतो. मग तडा वाढला कसा? आणि वाढायचाच होता तर महिनाभर का थांबला?

स्क्रीन बदलता येते, म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. पण हाच प्रश्न रेल्वेच्या रुळाला, विमानाच्या पंखाला किंवा अणुभट्टीच्या पाइपला विचारावाच लागतो. या सगळ्यांत कुठे ना कुठे बारीक तडे असतात. तडा नसलेली मोठी वस्तू बनवणं जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे इंजिनियर 'तडा आहे का?' एवढंच विचारून थांबत नाहीत. 'हा तडा किती वाढला की एकदम पळत सुटेल, आणि तोपर्यंत किती दिवस आहेत?' हे त्यांना हवं असतं. आज आपण हे उत्तर कसं काढतात ते पाहू, आणि त्यातला एक भाग मोबाईलवरच करूनही बघू.

कुंदेवाडीचा पारा आणि लासलगावचा रूळ

विंचूरमध्ये कोणालाही जवळचं रेल्वे स्टेशन विचारा, तो लासलगाव सांगेल. नाशिकरोडहून निघालेली गाडी निफाड, उगाव, लासलगाव करत मनमाडला जाते. मध्य रेल्वेचा हा मुख्य मार्ग, दिवसरात्र प्रवासी गाड्या आणि मालगाड्या. आणि याच निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेलं किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत असतं. पारा ५ अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे रेल्वेचा माणूस टॉर्च घेऊन रूळ बघत चालत असतो, कारण 'रुळाला तडा, वाहतूक विस्कळीत' ही बातमी सहसा थंडीतच येते.

थंडीतच का? पूर्वी रुळांमध्ये फटी ठेवायचे. गाडीचा 'खडक-खडक' आवाज त्या फटींचा. आता मुख्य मार्गांवर रूळ एकमेकांना वेल्ड करून लांबच लांब एकसंध केलेले असतात. प्रवास मऊ होतो, पण रुळाला थंडीत आकसायला जागा राहत नाही. स्लीपर आणि खडी त्याला घट्ट धरून ठेवतात. आकसायचंय पण आकसता येत नाही, म्हणजे रूळ दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा ताणला जातो.

हा ताण मोजणं सोपं आहे. रुळाच्या पोलादात दर १ अंश सेल्सिअस फरकामागे साधारण २.४ मेगापास्कल ताण तयार होतो. समजा रूळ ३८ अंश तापमानाला बसवला, म्हणजे त्या तापमानाला त्यात ताण शून्य. पहाटे रूळ ५ अंशांवर आला, तर फरक ३३ अंशांचा आणि ताण सुमारे ७९ मेगापास्कल. मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळाचा आडवा छेद धरून हिशेब केला तर ही ओढ साधारण ६० टनांची होते. गाडी आलेलीही नाही, नुसत्या थंडीने. (मे महिन्यात उलटं होतं. रूळ प्रसरण पावू बघतो आणि वाकण्याची भीती असते. तो वेगळा विषय.)

पण ७९ मेगापास्कलने चांगला रूळ तुटत नाही. त्याची ताकद याच्या दहापट असते. तुटतो तो आत तडा असलेला रूळ.

तड्याच्या टोकावर काय होतं

शर्टाचं कापड नुसतं ओढून फाडायला बघा, फाटत नाही. कडेला कात्रीने छोटा काप द्या, मग सहज टर्रकन फाटतं. ओढ तेवढीच, पण आता ती सगळी कापाच्या टोकावर एकवटते. इंग्लंडमध्ये विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून याचं गणित मांडलं: तडा पुढे सरकला की वस्तूत साठलेली ऊर्जा मोकळी होते, आणि नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते. मोकळी होणारी ऊर्जा लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली की तडा थांबत नाही. मोबाईलची स्क्रीन महिनाभर थांबली होती ती या हिशेबामुळे.

पुढे १९५७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विनने हे धातूंसाठी वापरण्याजोगं केलं. त्याने एक आकडा दिला, ज्याला 'के' म्हणतात:

के = वाय × ताण × √(३.१४ × तड्याची लांबी)

'के' म्हणजे तड्याच्या टोकावर किती जोर एकवटलाय त्याचं माप. 'वाय' हा आकारावर अवलंबून असलेला गुणक, त्याच्याकडे नंतर येऊ. प्रत्येक धातूची एक मर्यादा असते. 'के' त्या मर्यादेला पोहोचला की तडा पळतो. या मर्यादेला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात. मी इथे तिला चिवटपणा म्हणतो. एकक जरा विचित्र आहे, मेगापास्कल-रूट-मीटर, त्यामुळे पुढे फक्त आकडे देतो.

साध्या काचेचा चिवटपणा ०.७ ते ०.८. विमानात वापरतात त्या मजबूत ॲल्युमिनियमचा २५ ते ३५ च्या आसपास. अणुभट्टीच्या भांड्याचं पोलाद नेहमीच्या तापमानाला २०० च्या घरात. आणि रुळाचं पोलाद? फक्त ३० ते ४०. पहिल्यांदा हा आकडा बघितला की विश्वास बसत नाही, पण कारण साधं आहे. हजारो चाकं घासून जाऊनही झिजू नये म्हणून रूळ कठीण ठेवावा लागतो, आणि कठीण धातू सहसा कमी चिवट असतो. कठीण म्हणजे चिवट नव्हे. चिक्की कठीण असते, चिंचेची गोळी चिवट असते.

हा आकडा मिळवायला धातूचा नमुना खरोखर तोडावा लागतो. साबणाच्या वडीसारखा एक चौकोनी ठोकळा, एका बाजूने खाच, आणि खाचेच्या वर-खाली पिन घालून ओढायला दोन भोकं. या नमुन्याला कॉम्पॅक्ट टेन्शन नमुना म्हणतात. मशीनने कापलेल्या खाचेचं टोक बोथट असतं, खऱ्या तड्याइतकं टोकदार नाही. म्हणून आधी हजारो वेळा हलकं-हलकं ओढून खाचेच्या टोकातून खरा तडा उगवू देतात. मग एकदाच सावकाश ओढून तोडतात आणि कितव्या लोडला तडा सुटला ते नोंदवतात. २५ मिलिमीटर जाड आणि पिनच्या रेषेपासून मागच्या कडेपर्यंत ५० मिलिमीटर असा रुळाच्या पोलादाचा नमुना घेतला, तडा अर्ध्यापर्यंत आलेला असला आणि चिवटपणा ३५ धरला, तर तो साधारण २ टन ओढीला तुटतो. हे '२ टन' लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता लासलगावचा रूळ. समजा चाकामुळे येणारा ताण ७० मेगापास्कल. हिवाळ्याचे ७९ मिळवून झाले सुमारे १५०. चिवटपणा ३५, 'वाय' तूर्तास १. गणित केलं तर तड्याची धोक्याची लांबी येते १७ मिलिमीटर. तोच रूळ तापमानाचा ताण शून्य असताना बघा. ताण फक्त ७०, आणि धोक्याची लांबी येते ८० मिलिमीटर. रुळाचा वरचा डोका-भागच जेमतेम ७२ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे जो तडा ऑक्टोबरच्या दुपारी निवांत बसून होता, तोच जानेवारीच्या पहाटे रूळ तोडतो. तड्याने काही वेगळं केलेलं नसतं.

थंडीत पोलाद स्वतःही ठिसूळ होतं, तो दुसरा परिणाम. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 'स्केनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभ्या उभ्या दोन तुकडे झालं. वेल्डिंगने जोडलेलं, त्यामुळे तड्याला अडवायला पत्र्यांमधला सांधाच नव्हता. आपल्या वेल्ड केलेल्या रुळाची आठवण येते ना? पण निफाडच्या रुळाच्या बाबतीत मला ठिसूळपणापेक्षा ताणाचा वाटा मोठा वाटतो, कारण या पोलादाचा चिवटपणा आधीपासूनच कमी आहे आणि आपल्याकडचं ५ अंश हे त्याच्यासाठी फार टोकाचं नाही.

तडा रोज किती वाढतो? मोबाईलवर करून बघा

१७ मिलिमीटर ही शेवटची रेषा झाली. पण सुरुवातीला तडा २ मिलिमीटर असताना तिथपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल? प्रत्येक चाक गेलं की तडा जरासा उघडतो, मिटतो आणि नखाएवढाही नाही असा पुढे सरकतो. पॉल पॅरिस नावाच्या तरुण अमेरिकन इंजिनियरने दाखवलं की हा वेग 'के'च्या चढउताराच्या घातावर अवलंबून असतो. पोलादात तो घात साधारण ३. म्हणजे 'के'चा चढउतार दुप्पट झाला तर तडा आठपट वेगाने वाढतो. आज इंजिनियरिंगच्या प्रत्येक पुस्तकात असलेला हा नियम मांडणारा लेख तेव्हाच्या नावाजलेल्या नियतकालिकांनी परत पाठवला होता. शेवटी १९६१ मध्ये तो एका विद्यापीठाच्या मासिकात आला.

आता गूगल शीट्स उघडा. पहिल्या रकान्यात दिवस, दुसऱ्यात तड्याची लांबी मिलिमीटरमध्ये. पहिल्या ओळीत लांबी २. रोज १० हजार चाकं जातात असं धरू (हा माझा सोयीचा आकडा आहे, लासलगावचा मोजलेला नव्हे). अशा पोलादासाठी पुस्तकांत दिलेला पॅरिसचा स्थिरांक आणि ७० मेगापास्कल घालून सगळं सोपं केलं तर रोजची वाढ येते:

०.००४१७ × लांबी × √लांबी

पुढच्या ओळीची लांबी = आधीची लांबी + ही वाढ. ओळ खाली ओढत जा. पहिल्या दिवशी तडा वाढतो ०.०१२ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण तडा १५ मिलिमीटरला पोहोचला की रोजची वाढ ०.२४ मिलिमीटर होते, वीसपट. तुमची शीट साधारण २२४ व्या दिवशी १७ ओलांडेल. जमलं? अभिनंदन, तुम्ही तडा-वाढीचं पहिलं सिम्युलेशन केलंत. मोठं सॉफ्टवेअर आतून हेच करतं, फक्त 'के' काढायची पद्धत अवघड असते.

आता त्या शीटकडे नीट बघा. २ वरून ५ मिलिमीटरला जायला सुमारे १२५ दिवस लागतात. ५ वरून १० ला ६३ दिवस. आणि १० वरून १७ ला फक्त ३५. तड्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य तो लहान असतानाच संपतं. रुळावरून ढकलत न्यायच्या अल्ट्रासोनिक यंत्राला समजा १० मिलिमीटरचा तडा खात्रीने दिसतो. मग दोन तपासण्यांमध्ये ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवून चालणारच नाही, कारण तडा मधल्या काळात दिसण्याजोगा होऊन तुटूनही जाईल. प्रत्यक्षात अंतर त्याच्याही निम्म्याहून कमी ठेवायला हवं, म्हणजे एकदा सुटला तरी दुसऱ्यांदा सापडेल. हे वेळापत्रक हाताशी असावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. सिग्नलसाठी रुळातून वीज सोडलेली असते तिथे रूळ पूर्ण तुटला की सिग्नल लाल होतो, पण अर्ध्या तड्यातून वीज मजेत जाते. तो शोधावाच लागतो.

आणखी एक गंमत करा, खरं तर गंमत नाही. २२४ ओळी नकोत म्हणून एकेक महिन्याची उडी घ्या: रोजची वाढ × ३०. शीट सांगेल की २४० व्या दिवशी तडा १२.३ मिलिमीटर आहे, अजून वेळ आहे. खरं उत्तर, रूळ २२३ व्या दिवशीच तुटलाय. का? वाढीचा वेग महिनाभर बदलत नाही असं शीटने धरलं, पण तो रोज वाढत होता. म्हणजे इथे मोठ्या पावलाची चूक नेहमी एकाच बाजूला जाते, आणि ती बाजू धोक्याची आहे. गेममध्ये फ्रेम रेट कमी झाला की धावणारा खेळाडू भिंतीतून आरपार जातो, तसंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'चालतंय ना' म्हणायची सवय असते. इथे कोड चालतो, एरर येत नाही, ग्राफही छान दिसतो, आणि उत्तर ४० दिवसांनी चुकतं.

'वाय' कुठून आणायचा?

आपण 'वाय' १ धरला, पण खरा रूळ म्हणजे सपाट पट्टी नाही. वर गोलसर डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली रुंद पाय. तडा डोक्याच्या आत तिरका, वरून चाकाचा दाब, पॉलिशसारखी घासणारी ओढ वेगळीच. याला पुस्तकात तयार सूत्र नाही. इथे फायनाइट एलिमेंट पद्धत येते: रुळाचं मॉडेल हजारो छोट्या तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ढकलतो ते समीकरणांत मांडायचं, आणि लाखभर समीकरणं कॉम्प्युटरला एकदम सोडवायला द्यायची. या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात.

नवखा माणूस पहिल्याच दिवशी एका ठिकाणी अडकतो. तो तड्याच्या टोकावरचा ताण बघतो, समजा ६०० आला. मेश बारीक केली की अचूक होईल म्हणून तुकडे चौथ्या भागाचे केले, तर ताण १२०० च्या आसपास. आणखी बारीक केले, २४००. कुठे थांबतच नाही. हा बग नाही. गणिताप्रमाणे टोकदार तड्याच्या टोकावर ताण अनंतच असतो, कॉम्प्युटर बिचारा त्याच्या मागे धावतोय. म्हणून टोकावरचा ताण वाचायचाच नसतो.

मग काय वाचायचं? १९६८ मध्ये जेम्स राइसने सुंदर वाट काढली, जे-इंटिग्रल. टोकाभोवती एक काल्पनिक रिंगण आखायचं आणि त्यातून टोकाकडे किती ऊर्जा जाते ते मोजायचं. समजा लासलगावच्या बाजार समितीकडे कांद्याचे ट्रॅक्टर निघालेत आणि मध्ये कोणीच थांबत नाही. मग मोजणारा माणूस दूर वेशीवर बसवा नाहीतर समितीच्या गेटवर, आकडा तोच येणार. तसंच रिंगण लहान घ्या वा मोठं, 'जे' तोच येतो. त्यामुळे टोकाजवळच्या गोंधळात न शिरता दूरवरून विश्वासू आकडा मिळतो, आणि त्यावरून 'के'. चार-पाच रिंगणं घेऊन आकडे जुळतात का बघणं ही इथली पहिली तपासणी.

तडा पुढे सरकवायचा तर आणखी डोकेदुखी. तडा तुकड्यांच्या कडांवरूनच जाऊ शकत असेल तर दर पावलाला मेश नव्याने बनवावी लागते. १९९९ मध्ये अमेरिकेत टेड बेलिचकोच्या गटाने एक्स्टेंडेड पद्धत आणली, जिच्यात तडा तुकड्याच्या मधूनही जाऊ शकतो आणि मेश तशीच राहते. तिसरी वाट फेज-फील्डची. तिच्यात तड्याला रेघ मानतच नाहीत. प्रत्येक बिंदूला ० ते १ असा आकडा, ० म्हणजे धड, १ म्हणजे तुटलेला, मध्ये पुसटसा पट्टा, फोटोतल्या ब्लर झालेल्या कडेसारखा. तडा कुठे वळेल, कुठे फाटे फुटतील ते आपण सांगायचं नाही, कमीत कमी ऊर्जेची वाट तो स्वतः शोधतो. दिसायला हे सर्वात देखणं, पण त्या पुसट पट्ट्यात बरेच तुकडे बसवावे लागतात, आणि लॅपटॉपचा पंखा रात्रभर ओरडत राहतो. मला विचाराल तर आधी पॅरिस आणि 'के', मग बाकीचं.

तड्याची दिशा हा शोभेचा प्रश्न नाही. रुळाच्या वरच्या कोपऱ्यात चाकाच्या घासण्याने जे तिरके तडे सुरू होतात, त्यातले काही वळून पुन्हा वर येतात. धातूची एक कपची निघते, विषय संपला. काही मात्र खाली वळतात, आणि ते रूळ तोडतात. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफील्डजवळ अशाच तड्यांनी भरलेला रूळ धावत्या गाडीखाली शेकडो तुकड्यांत फुटला. चार माणसं गेली. तडे आहेत हे आधीच माहीत होतं. रूळ बदलायचा राहिला होता.

ओझर आणि तारापूर

विमानांमध्ये हा विचार एका अपघाताने रुजला. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या एफ-१११ विमानाचा पंख हवेतच तुटला. विमान जेमतेम १०० तास उडालेलं. पंखाच्या सांध्यातल्या पोलादात बनवतानाच राहिलेला दोष होता. त्यानंतर १९७० च्या दशकात तिथे नियमच झाला: विमान नवं असलं तरी धोक्याच्या जागी तडा आहेच असं धरा, आणि तो किती उड्डाणांनी धोक्याला पोहोचेल ते मोजून तपासणी ठरवा. आपल्या तालुक्यातल्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई ठरावीक तासांनी खोलून तपासायला येतात. विंचूरच्या आकाशात कानठळ्या बसवत घिरट्या घालणारं विमान दिसलं की हे आठवा. विमान 'ठीक दिसतंय' की नाही यापेक्षा त्याने किती तास पूर्ण केले हे तिथे महत्त्वाचं.

अणुभट्टीत अडचण उलटी आहे. तिथलं पोलाद इतकं चिवट की नमुना तोडणंच जड जातं. 'के'ची चाचणी वैध ठरायला नमुना पुरेसा जाड लागतो, आणि ही जाडी चिवटपणाच्या वर्गाच्या पटीत वाढते. रुळाच्या पोलादाला साधारण १२ मिलिमीटर पुरतात. पण चिवटपणा २०० आणि ताकद ५०० मेगापास्कल धरली तर जाडी येते ४०० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फुटाहून जास्त जाड पोलादी ठोकळा, आणि तो तोडायला अवाढव्य मशीन. म्हणून तिथे छोटा नमुना घेऊन 'जे' मोजतात आणि सिम्युलेशनने तो मोठ्या पाइपला लावतात. पण छोट्यावरून मोठ्याचं उत्तर बरोबर येतं यावर कोणी नुसता विश्वास ठेवत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या स्ट्रक्चरल इंजिनियरिंग रिसर्च सेंटरबरोबर मुद्दाम तडे पाडलेले पूर्ण आकाराचे पाइप वाकवून, तोडून बघितले. उद्देश असा की पाइप फुटण्याच्या खूप आधी त्यातून गळती सुरू व्हावी, गळती यंत्राने पकडावी आणि भट्टी बंद करावी. सायकलचा टायर फुटण्याआधी हळूहळू हवा जावी, तसं. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांच्या पाइपांमागे हा विचार आहे.

आकडा थोडा चुकला तर?

परत आपल्या शीटकडे. चिवटपणा ३५ धरला होता. दोन रुळांत, वेल्डजवळ, पहाटे आणि दुपारी हा आकडा सारखा नसतो. समजा खरा ३० निघाला. धोक्याची लांबी १७ वरून १२.७ मिलिमीटरवर येते. एकूण आयुष्य २२३ दिवसांवरून २०५, म्हणजे फक्त १८ दिवसांनी कमी. काही मोठं वाटत नाही ना? आता १० मिलिमीटरपासून पुढे बघा. ३५ दिवसांची शेवटची मुदत १७ दिवसांवर आली. म्हणजे निम्मी. तपासणीचं वेळापत्रक एकूण आयुष्यावर नाही, या शेवटच्या मुदतीवर ठरतं. म्हणून कितीही भारी सिम्युलेशन असलं तरी कोणीतरी प्रयोगशाळेत बसून खरे नमुने तोडत राहावंच लागतं, आणि एक नाही, बरेच.

तुम्हाला स्वतः फायनाइट एलिमेंटमध्ये हात घालायचा असेल तर कॅल्क्युलिक्स आणि कोड-ॲस्टर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. अबॅकसची शिकण्यासाठीची आवृत्तीही मोफत आहे, पण ती १००० नोडपुरतीच. सुरुवात रुळाने करू नका. ती साबणाच्या वडीसारखी २५ बाय ५० ची वडी बनवा, तडा बरोबर अर्ध्यापर्यंत ठेवा, पिनला २ टन लावा, 'जे' वाचा आणि त्यावरून 'के' काढा. ३५ च्या आसपास यायला हवा. अधिक काटेकोर पडताळणी हवी तर 'के' गुणिले जाडी गुणिले √रुंदी, भागिले लोड, असं करा. या नमुन्यासाठी, तडा अर्ध्यावर असताना, पुस्तकातलं उत्तर ९.६६ आहे. तुमचं ९.६ ते ९.७ च्या दरम्यान आलं तर मेश ठीक आहे. १२ वगैरे आलं तर बहुधा रिंगण टोकाला फार चिकटून घेतलंय. ते जुळेपर्यंत रुळाचं मॉडेल उघडू नका.